चिल्लर चाळताना : नाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली पत्रं बहुतेक खिशातल्या, गल्ल्यातल्या आणि देव्हाऱ्यातल्या डब्यातल्या नाण्यांबद्दलची आहेत. सोबत नाण्याचे फोटो पाठवताना दोन्ही बाजू, कड आणि वजन एवढं जरूर कळवा. नुसत्या एका बाजूच्या फोटोवरून आम्ही ठामपणे काहीच सांगू शकत नाही.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. रोज पाचसातशे रुपयांची चिल्लर हाताखालून जाते. त्यात एखादं मौल्यवान नाणं असेल तर ते ओळखायचं कसं? सुरुवात कुठून करू? (सातारा)

दुकानाचा गल्ला ही यासाठी फार चांगली जागा. तीन वस्तू घ्या : दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा (सोनार वापरतात तसा) आणि साधं चुंबक. टेबलावर गडद रंगाचं मऊ कापड अंथरा आणि दिवा वरून न लावता बाजूला, तिरका ठेवा. तिरक्या उजेडात छापाचे उंचवटे आणि खळगे स्पष्ट दिसतात.

पहिली चाळणी चुंबकाची. १९९२ ते २००४ दरम्यानचा नेहमीच्या छापाचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर. तो चुंबकाला चिकटतो. त्याआधीचा, म्हणजे १९८३ ते १९९१ चा रुपया तांबं-निकेलचा, ६ ग्रॅमचा, २६ मिलिमीटरचा. तो चिकटत नाही. १९९२ ते २००४ चा अकरा बाजूंचा दोन रुपयाही तांबं-निकेलचाच, ६ ग्रॅमचा. जुना जाड पाच रुपया ९ ग्रॅमचा, तोही चिकटत नाही. २००५ नंतरचे दोन रुपये आणि २००७ चा पातळ पाच रुपया स्टीलचे. २०११ पासूनचा छोटा रुपया ३.७९ ग्रॅमचा. एवढे आकडे एका कार्डावर लिहून गल्ल्याला चिकटवा. ज्या नाण्याचं वर्ष एक सांगतं आणि चुंबक दुसरंच सांगतं, ते बाजूला काढून वजन करा. एका किमतीचं नाणं दुसऱ्याच किमतीच्या कोऱ्या चकतीवर छापलं गेलं, तर ते असंच सापडतं. मात्र १९९० च्या दशकातली काही स्मारक नाणी नेहमीच्या नाण्यांपेक्षा वेगळ्या धातूत निघाली आहेत, म्हणून ही चाळणी फक्त नेहमीच्या छापांना लावा.

दुसरी चाळणी वर्ष आणि टाकसाळीची खूण. खूण वर्षाच्या आकड्याखाली असते. चौकट (पत्त्यांत असते तशी) म्हणजे मुंबई, पाच टोकांची चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. प्रत्येक वर्ष-खूण जोडीचं एक नाणं, आतापर्यंत मिळालेल्यांत सर्वांत कमी झिजलेलं, वेगळं ठेवत जा. काही महिन्यांत कोणती जोडी वारंवार येते आणि कोणती येतच नाही, हे तुम्हाला स्वतःला दिसू लागेल. त्या न येणाऱ्या जोडीच्या शोधात राहा. दहा रुपयांच्या पहिल्या दोनधातू छापाची, वर २००५ हे वर्ष असलेली नाणी संग्राहक आवर्जून पाहतात, ती दिसली तर सोडू नका.

तिसरी चाळणी कडेची. नाणी एकावर एक रचून आडवी धरली की ज्या नाण्याची कड वेगळी आहे ते लगेच नजरेत येतं. जाड पाच रुपयाच्या कडेवर मधोमध खाच असते आणि खाचेत बारीक नक्षी असते. ती गायब असेल तर नाणं बनावट असू शकतं किंवा छापताना काही चुकलेलं असू शकतं. दोन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत.

आणि चौथी गोष्ट नाण्याची अवस्था, किंमत बहुतांशी हिच्यावरच ठरते. अशोकस्तंभाच्या सिंहांची आयाळ, कणसातले दाणे आणि आकड्यांच्या कडा पाहा. हे सगळं जिथल्या तिथे आहे आणि पृष्ठभागावर टाकसाळीची मूळ झळाळी आहे, तर साधं नाणंही जपण्यासारखं. आयाळ सपाट झाली असेल तर कमी छापलं गेलेलं वर्षही फारसं मोल आणत नाही.

प्रश्न : १९८५ च्या एका रुपयावर वर्षाखाली इंग्रजी ‘एच’ आहे, दुसऱ्यावर पहिल्या आकड्याखाली चौकट आहे. चौकट म्हणजे मुंबई ना? शिवाय १९६० च्या सुमाराच्या नाण्यावर टिंब कसं, नोएडाची टाकसाळ तेव्हा होती का? (ठाणे)

तिन्ही निरीक्षणं अचूक आहेत. १९८५ मध्ये देशातल्या टाकसाळींना मागणी झेपेना, म्हणून रुपये बाहेरून पाडून घेतले. ‘एच’ ही बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण. पहिल्या आकड्याखालची चौकट मुंबईची नाही. ते नाणं वेल्समधल्या लँट्रिसंट इथल्या रॉयल मिंटचं. मुंबईची चौकट वर्षाच्या मधोमध खाली येते. नंतरही बाहेरून नाणी आली : १९८८ च्या पैशांच्या नाण्यांवरचा ‘सी’ कॅनडाचा, १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या रुपयावरचा ‘एमके’ स्लोव्हाकियातल्या क्रेमनिट्साचा, पाच रुपयांवरचा ‘एमएमडी’ मॉस्कोचा.

ही नाणी जमवायला छान आहेत, पण परदेशी खूण दिसली म्हणून ती दुर्मीळ समजू नका. मागणी मोठी होती म्हणूनच ती बाहेर पाडली, त्यामुळे संख्याही मोठीच. नीट अवस्थेतलं असेल तर दर्शनी किमतीपेक्षा जास्त मिळेल, झिजलेलं असेल तर नाही.

टिंबाबद्दल : नोएडाची टाकसाळ १९८८ ची. त्याआधीच्या नाण्यावरचं टिंब मुंबईचं, कारण मुंबईने चौकट आणि टिंब दोन्ही वापरलं आहे. १९८८ नंतरच्या नाण्यावर मात्र फसगत वेगळीच होते. चौकटीचे कोपरे झिजले की ती टिंबासारखी दिसते आणि मुंबईचं नाणं नोएडाचं म्हणून विकलं जातं. भिंगाखाली एखादा जरी कोपरा उरलेला दिसला तरी ती चौकट.

प्रश्न : आईला फोन आला. तिच्याकडच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख देतो म्हणाले, फक्त ‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगी’चे २,१०० रुपये आधी भरायला सांगतात. गेंड्याच्या पंचवीस पैशांचेही दोन लाख म्हणे. हे खरं असू शकतं का? (कोल्हापूर)

नाही. एक रुपयाही पाठवू नका आणि आईचा फोन काही दिवस तुमच्या नजरेखाली राहू द्या, कारण हे लोक पुन्हा पुन्हा फोन करतात.

वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ ची, व्यवहारात सोडण्यासाठीच पाडलेली. आजही ती चिल्लरीत येतात. गेंड्याचे पंचवीस पैसे १९८८ पासून वर्षानुवर्षं निघाले, ते किलोने सापडतील. १९६८ ते १९७१ च्या कमळाच्या वीस पैशांबद्दलही ‘यात सोनं आहे’ अशी आवई आहे. ते पितळी मिश्रधातूचं नाणं आहे, सोन्याचा कणही त्यात नाही. भोकाचा पैसाही (१९४३ ते १९४७) तसाच अमाप.

या फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. आधी मोठा आकडा, मग नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग ‘एनओसी’, मग ‘पैसे पाठवलेत पण अडकलेत, सोडवण्यासाठी एवढे भरा’. प्रत्येक पायरीला रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नसते, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने तसं घ्यायला तिने कुणालाही अधिकार दिलेला नाही. यात अडकतात ते बहुतेक घरातले वडीलधारे, आणि लाजेपायी ते मुलांना सांगतही नाहीत. म्हणून आईला रागावू नका.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा, बँकेला कळवा, संभाषणाचे स्क्रीनशॉट पुसू नका. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा : पैसे *मिळण्यासाठी* यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

खरा खरेदीदार कसा ओळखायचा? तो नाणं हातात घेऊन पाहतो, वजन करतो, त्यातली खोट दाखवतो आणि पैसे तो देतो.

प्रश्न : माझ्याकडच्या दोन रुपयाची मागची बाजू उलटी येते. एका दहा रुपयाचा मधला भागही फिरलेला दिसतो. ही ‘एरर कॉइन’ (छापताना चूक झालेली नाणी) आहेत का? किंमत किती? (अमरावती)

आधी नाणं नीट धरलंय का ते पाहू. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला असतो. सिंहांची बाजू समोर घ्या, नाणं वरून आणि खालून बोटांत धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं उजवीकडून डावीकडे फिरवा. मागचा आकडा सरळ उभा आला पाहिजे. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून उलटलं तर प्रत्येक नाणं उलटंच दिसेल, आणि बरीच पत्रं याच गैरसमजातून येतात.

तरीही आकडा कललेला येत असेल, तर टाकसाळीत छापाचा साचा बैठकीत सैल होऊन फिरला असं समजायचं. पाच-दहा अंशांचा कल रोजचा, त्याला कुणी विचारत नाही. नव्वद अंश किंवा पूर्ण उलटं असेल तर संग्राहक घेतात. आपल्याकडे अशी नाणी बरीच निघाली आहेत, त्यामुळे लाखांची स्वप्नं नकोत, पण ते खर्चूनही टाकू नका.

दहा रुपयाकडे संशयानेच पाहा. बाहेरचं कडं आणि आतली चकती आधी एकत्र बसवतात आणि मग एकाच दाबात दोन्हीवर छाप पडतो. त्या दाबाने धातू पसरून जोड पक्का होतो. मधला भाग छापण्याआधीच सरकलेला असेल, तर जोड एका बाजूला दिसतो, पण छाप मात्र कड्यावर आणि चकतीवर जिथे पडायला हवा तिथेच अखंड पडलेला असतो. याउलट छापच मध्ये तुटून फिरलेला दिसत असेल, तर कुणीतरी चकती दाबून बाहेर काढून पुन्हा बसवली आहे. जोडाभोवती खाच, धातूचा उठलेला कंगोरा किंवा चकतीवर दाबाचा वण शोधा. तुमच्या वर्णनावरून दुसरीच शक्यता जास्त वाटते.

बाकीच्या चुकांची पारख सांगतो, कारण बनावट चुका हल्ली सर्रास विकल्या जातात.

एका बाजूला छापच नसलेलं नाणं आलं तर आधी वजन करा. दोन चकत्या एकदम साच्यात गेल्या तर प्रत्येकीची एक बाजू कोरी राहते, पण वजन जवळपास पूर्ण असतं. कुणी कानशीने किंवा ग्राइंडरने एक बाजू घासली असेल तर वजन घटतं आणि कडही पातळ होते.

कडेचा अर्धचंद्र कापलेला असेल तर कापाच्या बरोबर समोरची कड पाहा. चकतीच मुळात तुटकी कापली गेली असेल, तर कड उचलताना (छापण्याआधी चकतीची कड दाबून वर आणतात तेव्हा) समोरच्या भागावर दाब पुरेसा पडत नाही आणि तिथली कड पुसट येते. घरी कात्रीने किंवा पंचाने कापलेल्या नाण्याची समोरची कड खणखणीत असते.

एका बाजूला सरळ छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप आरशातल्यासारखा उलटा आणि खोलगट असेल, तर ते आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिल्यामुळे झालेलं असतं. बाजारात याला ‘लाखी’ म्हणतात. छाप पूर्ण आणि ठसठशीत असेल तर चांगली मागणी. मात्र दोन नाणी पक्कडीत दाबून असा खोलगट ठसा उमटवता येतो. त्यात ठसा अर्धवट असतो आणि मूळ छापही चेपलेला दिसतो.

उठलेली बारीक रेघ म्हणजे साच्याला गेलेला तडा, खोल गेलेली रेघ म्हणजे नुसता ओरखडा. बाजूला सरकलेल्या छापात वर्ष आणि टाकसाळीची खूण दोन्ही दिसत असतील तर किंमत वाढते. आकडे दुहेरी दिसत असतील, पण दुसरी सावली सपाट आणि पायरीसारखी असेल, तर साचा छापताना थरथरला एवढंच. त्याला मोल नाही.

प्रश्न : जुनी नाणी काळी पडलीत. पितांबरी, चिंच की लिंबू? आणि कोकणातल्या पावसाळ्यात ठेवायची कशी? (रत्नागिरी)

यातलं काहीही नको. रांगोळी, टूथपेस्ट, राखही नको. आम्ल आणि भुकटी दोन्ही नाण्याचा सर्वांत वरचा थर खातात. नव्या नाण्यावर उजेड फिरवला की झळाळी चाकासारखी फिरते, ती या थरातल्या अतिसूक्ष्म रेघांमुळे. एकदा घासलं की ती कायमची गेली. घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो आणि भाव निम्म्यावर आणतो.

नुसती धूळ-माती असेल तर काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाणं एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. मग मऊ सुती कापडावर ठेवून वरून टिपा, पुसू नका. तेलकटपणा किंवा जुन्या प्लॅस्टिकचा चिकट हिरवा थर असेल तर रसायनांच्या दुकानातलं शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या. नखांचं रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतात. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पाच-दहा मिनिटं पुरतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसजवळ अजिबात नको, अ‍ॅसिटोन भडकन पेटतं. चांदीचा समान काळपटपणा तसाच राहू द्या, संग्राहकांना तो हवाच असतो.

पावसाळ्याआधी नाणी पूर्ण कोरडी करा. मऊ, वासाचे, पीव्हीसीचे अल्बम टाळा. तो चिकट हिरवा थर त्यांच्यातूनच येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये किंवा मायलारच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकच्या) पाकिटात ठेवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जेलचा रंग बदलला की जेल कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. रबरबँड गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी पडू लागली तर ते पहिलं वेगळ्या डब्यात हलवा.

प्रश्न : शिवाजी महाराजांचा दोन रुपया, तुकोबांचा दोन रुपया, बाबासाहेबांचा रुपया. ही आपल्या माणसांची नाणी पुढे महाग होतील का? (पुणे)

बाबासाहेबांचा रुपया १९९० चा, ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवाजी महाराजांचा दोन रुपया १९९९ चे, तुकोबांचा दोन रुपया २००२ चा, लोकमान्यांचा पाच रुपया २००७ चा. सगळी व्यवहारासाठी पाडलेली, म्हणून भरपूर. वापरलेली असतील तर दर्शनी किमतीच्या फार वर जात नाहीत. पण यांचा संच हे नव्या संग्राहकाला आम्ही आवर्जून सुचवतो. प्रत्येकाची वेगवेगळ्या टाकसाळींची नाणी मिळतात का ते शोधा आणि हाताळलेली न घेता झळाळी शाबूत असलेलीच ठेवा. गुंतवणूक म्हणून साठवायची असतील तर नका साठवू.

७५, १२५, ३५० रुपयांसारखी नाणी कधीच चलनात येत नाहीत. ती टाकसाळ संग्राहकांना जास्त किमतीला विकते. चिल्लरीत वर्षाखाली नुसता ‘एम’ आणि आरशासारखा पृष्ठभाग असलेलं नाणं आलं, तर ते मुंबईच्या प्रूफ संचातलं, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या संचातलं. कुणीतरी संच फोडून ते खर्चून टाकलंय. ते उचला आणि कडेनेच धरा.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत राणीछाप आणि राजाछाप रुपये आहेत. सोनार सगळ्यांना एकच भाव सांगतो. (नागपूर)

सगळे एका भावाने विकू नका. १९३९ पर्यंतचा बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच चांदी, सुमारे ५.८ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटतो. म्हणजे सोनाराचा सरसकट भाव एक तर तुमच्या तोट्याचा किंवा त्याच्या.

वर्षं पाहा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया खरोखरच दुर्मीळ आहे, कारण त्यातले बहुतेक वितळवले गेले. म्हणूनच दुसऱ्या वर्षाचा शेवटचा आकडा कोरून १९३९ केलेले रुपयेही फिरतात. भिंगाखाली त्या ९ भोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला दिसतो का ते पाहा. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं. तो १९११ चा रुपयाही वेगळा ठेवा. राणीचा १८६२ वर्षाचा रुपया मात्र भाबडेपणाने दुर्मीळ समजू नका. पुढे १८७४ पर्यंत तेच वर्ष छापलं जात होतं. त्यातले प्रकार टिंबांच्या संख्येवरून आणि जागेवरून वेगळे करतात, ते काम माहितगाराकडूनच करून घ्या.

खरी चांदी की नाही, हे घरी कळतं. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीचं उत्तर साधारण १०.३ येतं, ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. पितळेवर मुलामा असेल तर उत्तर साडेआठच्या घरात येतं. सोनाराला कसोटीवर नाणं घासू देऊ नका, त्या एका ओरखड्याने संग्राहकाची किंमत जाते.

हाच हिशोब १९६९ च्या गांधीजींच्या दहा रुपयाला : १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. त्याच वर्षीचा गांधीजींचा एक रुपया निकेलचा आहे.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं, हनुमानाचं ‘एक आणा’ नाणं आहे. (सोलापूर)

कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. राम दरबार, हनुमान, कमळ असलेली १६१६, १७१७, १८१८ वर्षांची ‘आणा’ नाणी ही अलीकडे केलेली टोकनं आहेत. देवघरात ठेवा, विकत घेऊ नका.

प्रश्न : आजीच्या डब्यात ‘इश्तादु द इंडिया’ लिहिलेली १९५९ ची एस्कुदो नाणी आहेत. (मडगाव)

गोवा मुक्तीआधी पोर्तुगीज राजवटीने आणलेल्या शेवटच्या चलनाची ही नाणी. एक, तीन आणि सहा एस्कुदो तांबं-निकेलची, १० आणि ३० सेंताव्ह (एस्कुदोचा शंभरावा भाग) कांस्याची. चांदी त्यात नाही, संख्याही बरीच होती. संच पूर्ण करून घरातच ठेवावा. डब्यात १९१२ चा रुपिया असेल तर तो चांदीचा आहे, तो स्वतंत्र दाखवा.

प्रश्न : अमेरिकेत चिल्लरीत काय पाहावं? (एडिसन, न्यू जर्सी)

१९६४ पर्यंतचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे. रचलेल्या नाण्यांची कड पाहा. तांब्याची तपकिरी रेघ दिसली तर १९६५ नंतरचं, पूर्ण पांढरी कड असेल तर चांदी. क्वार्टर ६.२५ ग्रॅम भरला तर चांदीचा, ५.६७ भरला तर नाही. बँकेतून हाफ डॉलरचे रोल घेऊन तपासा. हे नाणं रोजच्या व्यवहारात फारसं फिरत नसल्याने चाळलं कमी जातं. त्यात १९६५ ते १९७० चे मिळाले तर तेही ४० टक्के चांदीचे. १९४२ ते १९४५ च्या पाच सेंटवर इमारतीच्या घुमटावर मोठं अक्षर असेल तर त्यात ३५ टक्के चांदी. २०१९ आणि २०२० च्या क्वार्टरवर ‘डब्ल्यू’ खूण दिसली तर ठेवून द्या. वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीत प्रत्येक चित्राचे फक्त २० लाख पाडले आणि मुद्दाम चलनात मिसळले. १९४३ चा सेंट चुंबकाला चिकटला तर तो स्टीलचा, नेहमीचा. नाही चिकटला तरी लगेच हुरळू नका, १९४८ च्या आठचा तीन केलेला असतो.

तिकडची नाणी आपल्यासारखी पानासारखी उलटली तर मागची बाजू उलटी येते. ती चूक नव्हे, तिथली रीत आहे.

प्रश्न : शेत नांगरताना मडक्यात शिवराया (जुनी तांब्याची नाणी) सापडल्या. घरी ठेवल्या तर चालेल? (जुन्नर)

नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो : काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. लपवणं गुन्हा आहे. मडकं फोडू नका, नाणी धुऊ नका, एकमेकांपासून सुटीही करू नका. कोणतं नाणं वर आणि कोणतं तळाशी होतं, यावरूनही अभ्यासकांना काळ ठरवता येतो. कळवल्याची पोच घ्या. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेणंही कायद्याने बंद आहे, परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणूनसुद्धा देऊ नका.

प्रश्न : दुकानदार दहा रुपयांची दहा रेघांची नाणीच घेतात, पंधरा रेघांची नाकारतात. पन्नास पैसे तर कुणीच घेत नाही. (परभणी)

दोन्ही खरी आणि दोन्ही चालू. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केलं की दहा रुपयांची तोवर निघालेली चौदाही रूपं वैध आहेत, रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेलीही. त्या वेळी १४४४० वर मिस्ड कॉल दिला की हीच माहिती फोनवर ऐकवली जात असे. ३० जून २०११ पासून बाद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे. पन्नास पैसे कायद्याने दहा रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात, एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत.

प्रश्न : मला दोन-तीन चांगली नाणी विकायची आहेत. कुणाकडे जाऊ? (नाशिक)

आधी तुमच्या जवळच अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, ते पाहून या. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालयही पाहा. खरी नाणी काचेआड का होईना, भरपूर पाहिली की नजर तयार होते. मग नाण्यांच्या प्रदर्शनात किमान तीन विक्रेत्यांना दाखवा. तुमची अपेक्षा आधी सांगू नका, त्यांना आकडा बोलू द्या. विक्रेता स्वतःचा नफा धरूनच भाव देणार, त्यामुळे नाण्यांच्या किंमतसूचीतल्या किमतीपेक्षा कमी मिळणं साहजिक आहे. नाणं खरंच दुर्मीळ असेल तर लिलावगृहाकडे जा. कमिशन किती, न विकल्यास शुल्क लागतं का आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे तिन्ही लेखी घ्या. नाणं ताब्यात देण्याआधी वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो पावतीला जोडून सही घ्या.